आरआरपाशी १४.३, बॅटरीवर १३.१: मधला सव्वा व्होल्ट कुठे जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोटरसायकल बारा वर्षांची, थ्री-फेज कॉइलची (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल, तीन वायरींची). वर्षभरात दोन बॅटऱ्या गेल्या, आरआर युनिटही (रेग्युलेटर-रेक्टिफायर: कॉइलच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) नवीन बसवून झालं, तरी आठ-दहा दिवसांत सेल्फ कुरकुरायला लागतो. हेडलाइट लावून ४००० आरपीएमला बॅटरीवर १३.१ व्होल्ट दिसतात, आरआरच्या कपलरपाशी (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटपाशी) मात्र १४.३. सगळ्या वायरी मीटरच्या बीपवर तपासल्या, सगळीकडे बीप वाजतो. मग व्होल्टेज जातं कुठे?

तुम्ही दोन ठिकाणी मीटर लावलात, तिथेच निम्मं काम झालं. बहुतेक जण फक्त बॅटरीवर बघतात, १३.१ दिसले की ‘चार्जिंग कमी आहे’ म्हणून कॉइल नाहीतर आरआर बदलतात. तुमच्या आकड्यांवरून मी एवढं नक्की सांगतो की कॉइल आणि आरआर आपलं काम करत आहेत. १४.३ तयार होतात, बॅटरीपर्यंत १३.१ पोहोचतात. १.२ व्होल्ट रस्त्यात गळतात. तो रस्ता दुरुस्त होईपर्यंत तिसरी बॅटरीही अशीच जाईल, म्हणून आता कोणताही सुटा भाग विकत घेऊ नका.

आधी हे समजून घ्या की आरआर हे भरून का काढत नाही. बहुतेक आरआर युनिटं स्वतःच्या बाहेर पडणाऱ्या वायरीवरचं व्होल्टेज बघून चालतात. तिथे १४.३ झाले की त्याच्या लेखी बॅटरी भरली. पुढे सव्वा व्होल्ट गळतोय हे त्याला कळायला मार्गच नसतो. शंट प्रकारचं असेल तर जास्तीचा करंट ते कॉइलच्याच तारा एकमेकींना जोडून परत कॉइलमध्ये फिरवतं. म्हणजे माल तयार आहे, पण दारातूनच परत जातोय. इकडे साध्या लेड-ॲसिड बॅटरीला नीट भरायला टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट लागतात. १३.१ वर ती कायम अर्धपोटी राहते. प्रत्येक स्टार्टला जेवढं काढलं तेवढं परत जात नाही, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं आणि काही महिन्यांत ती खरोखरच निकामी होते. मग दोष बॅटरीच्या माथी बसतो.

आता तुमच्या बीपबद्दल. मीटरचा बीप चार्जिंगच्या वायरीसाठी कधीच पुरावा धरू नका. बऱ्याच मीटरमध्ये तीसेक ओहमपर्यंतही बीप वाजतो. ३० ओहमच्या वायरीतून १२ व्होल्टला जेमतेम ०.४ अँपिअर जाईल, एवढ्यावर हेडलाइटची तारही लाल होणार नाही. ओहमच्या रेंजवर मोजाल तर तेही उपयोगाचं नाही, आणि त्याचं कारण हिशेबात आहे. तुमच्या गाडीत हेडलाइट, इग्निशन, टेल लाइट आणि बॅटरी चार्जिंग मिळून १२ अँपिअर वाहतायत असं धरा. १.२ व्होल्ट भागिले १२ अँपिअर म्हणजे ०.१ ओहम. तुमचा सगळा आजार एवढाच आहे, एका ओहमचा दहावा भाग. साध्या मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.२-०.३ ओहम दिसतात, कारण प्रोबच्या वायरींचाच तेवढा रेझिस्टन्स असतो. शोधायची वस्तू मोजपट्टीच्या चुकीपेक्षा लहान आहे.

पण हाच दहावा भाग करंट वाहताना लपू शकत नाही. १.२ व्होल्ट गुणिले १२ अँपिअर म्हणजे चौदा वॉटच्या वर उष्णता. छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता तुमच्या गाडीत अंगठ्याएवढ्या एखाद्या कपलरमध्ये नाहीतर फ्यूज होल्डरमध्ये धुमसतेय. म्हणून मोजणी नेहमी करंट वाहत असताना करायची, आणि ओहम नाही, व्होल्ट मोजायचे. याला आम्ही ड्रॉप टेस्ट म्हणतो.

तयारी अशी करा. बॅटरी आदल्या रात्री बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. चार्जर काढून काही तास थांबल्यावर ती १२.६ ते १२.८ दाखवायला हवी. रिकामी बॅटरी सुरुवातीला भरमसाट करंट ओढते आणि भरत जाईल तसा तो कमी होतो, त्यामुळे दर पाच मिनिटांनी तुमचे आकडे बदलतील आणि एकाची दुसऱ्याशी तुलना होणार नाही. गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल नीट बघा, सायलेन्सरपासून मीटरच्या वायरी लांब ठेवा. सीट आणि साइड पॅनल काढा. एक माणूस थ्रॉटल ४००० वर धरायला घ्या, कारण एका हाताने थ्रॉटल आणि दुसऱ्या हाताने दोन प्रोब हे जमत नाही आणि प्रोब निसटून शॉर्ट होतो. कपलर सोडू नका. वायर जिथून कपलरमध्ये शिरते त्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून आतल्या पत्र्याला टेकवा. वायरीच्या इन्सुलेशनला भोक पाडून मोजण्याची सवय वाईट. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच नवा दोष तयार होतो.

मीटर डीसी व्होल्टवर. पहिलं रीडिंग: लाल प्रोब आरआरच्या पॉझिटिव्ह आउटपुट वायरीवर, काळा प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्ही प्रोब पॉझिटिव्हवरच आहेत हे बघून गोंधळू नका. मीटर आता फक्त त्या रस्त्यात किती व्होल्ट पडतात तेवढंच दाखवतो. बॅटरीकडे काळा प्रोब थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) किंवा बोल्टवर ठेवू नका, बॅटरीच्या स्वतःच्या शिशाच्या टोकावर ठेवा. दुसरं रीडिंग: बॅटरीच्या निगेटिव्हचं शिशाचं टोक आणि आरआरची निगेटिव्ह वायर. आरआरला वेगळी निगेटिव्ह वायर नसेल तर त्याची बॉडी.

पॉझिटिव्ह बाजूला ०.२ पर्यंत चालतं, निगेटिव्हला ०.१ च्या आसपास. दोन्ही मिळून ०.४ च्या वर गेलं तर शोध सुरू. आणि एक पडताळा जरूर करा: आरआरच्या दोन वायरींमधले व्होल्ट वजा बॅटरीच्या दोन टोकांमधले व्होल्ट, हा फरक वरच्या दोन रीडिंगच्या बेरजेएवढा आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी प्रोब चुकीच्या जागी लागला होता किंवा मध्ये आरपीएम हलला. तुम्ही १४.३ मोजलेत ते आरआरच्या पॉझिटिव्ह आणि आरआरच्याच निगेटिव्हमध्ये, की काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून? हे आठवून बघा. दुसऱ्या पद्धतीने मोजलं असेल तर निगेटिव्ह बाजूची गळती त्या आकड्यात आलेलीच नाही आणि तुमचं खरं नुकसान १.२ पेक्षा जास्त असू शकतं.

समजा पॉझिटिव्हमध्ये ०.९ आले. आता लाल प्रोब आरआरवरच ठेवा आणि काळा प्रोब बॅटरीकडून एकेक ठिकाण मागे आणा. थिंबल, मग स्टार्टर रिलेचा (सेल्फला करंट देणाऱ्या स्विचचा) बोल्ट, मग फ्यूजचं बॅटरीकडचं पातं, मग फ्यूजचं दुसरं पातं, मग कपलरची पलीकडची बाजू. प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावर लिहा. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम खाली उडी मारतो, दोष त्या दोघांच्या मध्ये. वायरीच्या लांबीवर आकडा हळूहळू उतरतो, जोडावर तो तुटून पडतो. दहा मिनिटांचं काम आहे. यात अंदाजाला जागा नाही, म्हणून मला ही टेस्ट बाकी सगळ्या टेस्टपेक्षा प्रिय आहे.

वायर स्वतः किती खाते याचा अंदाज असू द्या, म्हणजे निरोगी आकडा ओळखता येईल. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा एका मीटरला साधारण ७ मिलिओहम रेझिस्टन्स असतो, १५ अँपिअरला ०.१ व्होल्ट. १ चौरस मिलिमीटरची बारीक वायर असेल तर तेच ०.२५ होतं. नंतर कुणी लांबवलेल्या वायरींमध्ये ही बारीक वायर फार वेळा सापडते, बाहेरून इन्सुलेशन जाड आणि आत तांबं थोडं.

इंजिन न चालवता करायची एक टेस्ट सांगतो, ती दोषाची जागा निम्म्यावर आणते. आरआरकडून येणारी पॉझिटिव्ह वायर कुठेतरी बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला मिळते आणि तिथूनच इग्निशन स्विचकडे फाटा जातो. हा सांधा कुठे आहे हे वायरिंग डायग्रामवर आधी शोधा. आता इंजिन बंद, चावी ऑन, हेडलाइट ऑन. करंट आता बॅटरीकडून सांध्याकडे, म्हणजे उलट्या दिशेने वाहतोय. बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि हा सांधा यांच्यामधला ड्रॉप मोजा. इथेही मोठा आकडा आला तर दोष बॅटरी आणि सांधा यांच्यामध्ये: फ्यूज होल्डर, स्टार्टर रिले, थिंबल. इथे ०.०५-०.१ एवढंच आलं आणि चार्जिंगच्या वेळी मात्र मोठा ड्रॉप येतो, तर दोष आरआर ते सांधा या तुकड्यात. काही गाड्यांत इंजिन सुरू झाल्याशिवाय हेडलाइट लागतच नाही. तिथे ब्रेक दाबून ठेवा आणि इंडिकेटर लावा, करंट कमी असेल पण दिशा कळेल.

याच हिशेबावरून लक्षणंही वाचता येतात. सांध्यापलीकडे बॅटरीच्या बाजूला दोष असेल तर चालत्या गाडीचा हेडलाइट झकास असतो, कारण त्याला आरआरकडून थेट मिळतं, आणि बॅटरी एकटी उपाशी राहते. अशा गाडीचा मालक मला हमखास सांगतो, ‘चार्जिंग तर उत्तम आहे हो, लाइट बघा ना.’ आरआरच्या बाजूला दोष असेल तर सगळीच गाडी मंदावते.

आता मला कुठे काय सापडतं ते सांगतो. सर्वात आधी फ्यूज होल्डर, कारण तो दिसायला नेहमी ठणठणीत असतो. एक गाडी अशीच आली होती, आधी दोन ठिकाणी दाखवून, नवीन बॅटरी आणि नवीन कॉइल घालून. आरआरवर १४.२, बॅटरीवर १३.२. ड्रॉप पॉझिटिव्हला ०.७२, निगेटिव्हला ०.२८. काळा प्रोब मागे आणत गेलो, फ्यूजच्या एका पात्यापाशी आकडा अर्ध्या व्होल्टने उतरला. फ्यूज काढला. तो शाबूत होता, आतली पट्टी अखंड. पण एका पात्याची चकाकी गेली होती, त्यावर जांभळट-तपकिरी डाग होता, आणि त्या बाजूचं फ्यूजचं प्लास्टिक किंचित वितळून फुगलं होतं. होल्डरच्या आत टॉर्च मारला तर ती बाजू चहाच्या रंगाची झालेली. नवा फ्यूज घालून पाहिला: एका पात्याला घट्ट पकड, दुसऱ्या बाजूला पातं नुसतं तरंगत होतं. आतली स्प्रिंगची पकड उष्णतेने मऊ पडली होती. हे चक्र असंच फिरतं. पकड सैल, म्हणून रेझिस्टन्स, म्हणून उष्णता, म्हणून पकड आणखी सैल. अशा होल्डरमध्ये नुसता नवा फ्यूज घालून काही होत नाही, पकड पक्कडने दाबूनही नाही, कारण त्या पत्र्यातला ताण गेलेला असतो. होल्डरच बदलावा लागतो. तो बदलला, ०.७२ चे ०.२१ झाले. निगेटिव्हचे ०.२८ मात्र तसेच होते, ते फ्रेमवरच्या थिंबलखाली होते.

निगेटिव्ह बाजूकडे फारच कमी लोक बघतात. पॉझिटिव्हला आउटपुट आहे, वायर लाल आहे, म्हणून लक्ष तिथे जातं. पण जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो. फ्रेमला नवा रंग किंवा पावडर कोटिंग झालेली असेल तर पहिला संशय मी अर्थच्या थिंबलवर घेतो. बोल्ट घट्ट असतो, पण थिंबल रंगावर बसलेलं असतं आणि सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जातो. थिंबलएवढी जागा लख्ख धातूपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि मग वरून ग्रीस लावा. आरआरची बॉडी हाच त्याचा अर्थ असेल तर त्याच्या दोन्ही बोल्टांखाली हेच करा.

तिसरी जागा सर्वात त्रासदायक: टेपच्या आतला कारखान्यातलाच जोड. हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्यात, जिथे तीन-चार वायरी एकत्र येतात तिथे एक छोटी पितळी पट्टी दाबून त्यांना बांधलेलं असतं आणि वर फक्त टेप असते. हँडलकडून ओघळलेलं पाणी नेमकं अशा ठिकाणी मुरतं. टेप सोडली की आत हिरवी भुकटी आणि काळ्या पडलेल्या तारा. मीटरने दोन टोकांच्या मध्ये ड्रॉप दाखवला पण मध्ये कपलरच नाही, तर टेपवर बोटं फिरवत जा. जोडाचा उंचवटा हाताला लागतो, आणि गाडी पंधरा मिनिटं चालली असेल तर तो कोमटही लागतो.

आरआरचा कपलर तर तुम्ही बघितलाच असेल. बाहेरून नीट वाटला तरी उघडून प्रत्येक पिन बघा, आणि पिनच्या मागे वायर जिथे दाबलेली आहे तिथे वायर हलकेच ओढून बघा. पिन चकचकीत आणि क्रिंप, म्हणजे तो दाबलेला जोड, कुजलेला, असं पुष्कळदा असतं.

कॉइल ते आरआर या तीन वायरींचं प्रकरण वेगळं आहे, ते वरच्या हिशेबात मिसळू नका. तिथे एसी आहे. कॉइलचं मोकळं व्होल्टेज बॅटरीच्या कितीतरी वर असतं, त्यामुळे तिथे अर्धा व्होल्ट पडला म्हणून बॅटरीवर तेवढा फरक दिसत नाही. पण शंट आरआर असेल तर त्या वायरींतून पूर्ण करंट सतत वाहतो, लाइट बंद असला तरी. म्हणून तोच कपलर सर्वाधिक जळतो. एक पिन पूर्ण गेली की तीन फेजपैकी एकच जोडी उरते आणि आउटपुट ढासळतं. तुमच्याकडे आरआरवर १४.३ टिकतायत म्हणजे आज तरी तिन्ही फेज येत असाव्यात. तरी खात्री म्हणून कपलर सोडून तिन्ही वायरींमध्ये दोन-दोन अशी एसी व्होल्ट मोजा. एकाच आरपीएमला तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. ५००० ला ते पन्नासच्या वरही जातात, तेव्हा बोटं लांब ठेवा. कोणत्याही वायरीचा बॉडीशी संबंध दाखवला तर कॉइल गेली. एवढं पुरे.

एक उलटा आजारही माहीत असू द्या, कारण उपाय करताना तो अंगावर येऊ शकतो. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या मॉडेलमध्ये, आरआरला एक बारीक वेगळी वायर असते. ती इग्निशन स्विचच्या पुढच्या लाइनवरचं व्होल्टेज बघते. ही सेन्सिंगची वायर. हिच्या रस्त्यात, म्हणजे इग्निशन स्विचच्या काळ्या पडलेल्या संपर्कात, अर्धा-पाऊण व्होल्ट पडला तर आरआरला वाटतं बॅटरी भुकेली आहे, आणि ते तेवढाच चढ देतं. बॅटरीवर १५ च्या वर दिसतात, पाणी उकळतं, बल्ब उडतात. मुख्य वायरीतली गळती बॅटरीला उपाशी मारते, सेन्सिंगच्या वायरीतली गळती तिला जाळते. अशा गाडीत नवीन आरआर घालूनही १५.२ दिसत असतील तर आधी त्या बारीक वायरीवरचे व्होल्ट आणि बॅटरीवरचे व्होल्ट यांची तुलना करा.

आणखी एक गोष्ट. हेडलाइट बंद करून करंट कमी झाला की ड्रॉपही त्याच प्रमाणात उतरायला हवा. रेझिस्टन्सची ओळख हीच. करंट निम्मा झाला तरी ड्रॉप ०.६-०.७ वरच अडून राहिला तर वाटेत कुणीतरी डायोड घातलाय. बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीच्या किटमध्ये मला असे सापडले आहेत.

दुरुस्तीत मी एका बाबतीत हट्टी आहे: पिळून टेप गुंडाळलेला जोड चार्जिंगच्या लाइनवर नको. वायर मागे कापत जा, तांबं लख्ख दिसेपर्यंत. काळी पडलेली तार घासून उपयोग नाही, तिच्यावर सोल्डरही धरत नाही. योग्य मापाचं थिंबल किंवा पिन घ्या, नीट क्रिंपिंग टूलने दाबा, ओढून बघा, आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. सोल्डरबद्दल मतं वेगळी आहेत. मी या लाइनवर नुसता चांगला क्रिंप पसंत करतो. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि गाडीच्या थरथराटाने नेमकी त्या कडेला तुटते.

हार्नेसच ठिकठिकाणी कुजलेला असेल तर आरआरपासून बॅटरीपर्यंत नवी थेट वायर टाकणं हा उत्तम उपाय आहे. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही, २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर. त्यात दोन काळज्या घ्या. एक, पॉझिटिव्हमध्ये फ्यूज हवाच आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ. वायर कुठे घासून फ्रेमला लागली तर करंटचा लोंढा बॅटरीकडून येणार आहे, आरआरकडून नाही. दोन, जुनी वायरही तशीच जोडलेली ठेवली तर हार्नेसला आता दोन वाटांनी, दोन फ्यूजमधून करंट मिळतो. हार्नेसमध्ये शॉर्ट झाला तर एकट्या मेन फ्यूजवर भार येत नाही, तो वेळेवर उडत नाही आणि मधली वायर पेटते. म्हणून जुनी वायर आरआरपाशी सोडून तिचं टोक नीट बंद करा. पण त्याआधी डायग्राम बघा. आरआर आणि मेन फ्यूजच्या मध्येच कुठला फाटा निघत असेल तर तो भाग आता कुठून चालणार हे ठरवल्याशिवाय कापू नका.

काम झाल्यावर लगेच समाधान मानू नका. अर्धा तास गाडी चालवून आणा आणि गरम असतानाच तीच दोन रीडिंग पुन्हा घ्या. थंड असताना ०.१५ दाखवणारा अर्धवट जोड गरम झाल्यावर ०.४ वर जातो. आरआरला हात लावू नका, ते तापलेलंच असतं, पण त्याच्या डीसी बाजूचा कपलर आणि फ्यूज होल्डर बोटांत आरामात धरता आला पाहिजे. डॅशबोर्डवर व्होल्टमीटर बसवला असेल तर तो इग्निशनच्या लाइनवरून पुरवठा घेतो आणि नेहमी थोडं कमी दाखवतो. पडताळणी बॅटरीच्या टोकांवरच करा. तुमच्या गाडीत हेडलाइट लावून ४००० ला तिथे १३.९ ते १४.१ दिसायला हवेत.

काढून ठेवलेलं जुनं आरआर फेकलं नसेल तर ठेवून द्या, ते बहुधा चांगलंच आहे. शेवटची काढलेली बॅटरीही चार्जरवर रात्रभर लावून बघा. काही तास मोकळी ठेवल्यावर १२.५ च्या वर राहिली आणि सेल्फ मारताना १० च्या खाली आली नाही, तर ती अजून वापरण्यासारखी आहे. महिनोन्महिने रिकामी पडून राहिली असेल तर मात्र आशा धरू नका.